चंद्रताल: साडेआठच्या आधीचे हजार तास

9 जुलै 2023, रविवार. सकाळी साडेआठ वाजता देशभरातल्या हवामान केंद्रांवर मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला, रोज मोजतात तसाच. दिल्लीत 153 मिलिमीटर भरला. जुलैतल्या एका दिवसात एवढा पाऊस तिथं 1982 नंतर पडला नव्हता. चंडीगडला आकडा तीनशेच्या वर गेला. हिमाचलात त्या दिवशी बियास नदी मनालीपासून मंडीपर्यंत रस्ते, पूल, दुकानं आणि उभ्या गाड्या ओढून नेत होती. आणि या सगळ्याच्या वर, लाहौल-स्पितीत चौदा हजार फुटांवर, चंद्रताल तलावाजवळच्या तंबूंत अडीचशेहून जास्त पर्यटक बर्फानं कोंडले गेले होते. सगळे बाहेर निघायला गुरुवार उजाडावा लागला.

चंद्रतालचं नाव आता जयसिंगपुरातही घरोघरी पोचलंय. कारखान्यांचा हंगाम संपलेला, पेरण्या उरकलेल्या, ऊस आपापला वाढतोय, म्हणजे जुलै हा आपल्याकडचा मोकळा महिना. चार-पाच फोर बाय फोर गाड्या, पंधरा-वीस माणसं, वर जाऊन तलावाजवळ दोन रात्री मुक्काम, असा बेत दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गल्लीत शिजत असतो. ज्यांचा बेत यंदा शिजतोय त्यांच्यासाठी हा घटनाक्रम उलटा मोजत मांडतोय. रविवारचे साडेआठ हा शून्य तास धरलाय. त्या रविवारी वर कोणी कुठली चूक केली, हे शोधायचं नाहीये. कुठल्या तासाला काय ठरवता आलं असतं, एवढंच पाहायचंय.

उणे 1000 तास
रविवार, 28 मे, दुपारी साडेचार

सहा आठवडे आधी. जुलैतली सहल साधारण याच सुमारास ठरते. पहिली चर्चा गाड्यांची होते. थार कोणाची, जिम्नी कोणाची, कोणाच्या गाडीला नवीन टायर आहेत. दुसरी तंबूंची आणि तिसरी जेवणाची. रस्त्याची चर्चा होते ती तो किती खराब आहे, याची. कारण खराब रस्त्यासाठीच तर जायचं असतं.

पण नकाशावर पाहायची गोष्ट वेगळी आहे. मनालीहून निघालं की 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा लागतो. तो पार करून कोकसरच्या बाजूनं ग्रामफूला यायचं. तिथं लेहचा रस्ता सुटतो आणि काझाचा कच्चा रस्ता सुरू होतो. छत्रू, छोटा दर्रा, बातल. बातलला चंद्रा नदीवर पूल आहे, चाचा-चाचीचा प्रसिद्ध ढाबा आहे, आणि तिथून पुढे तलावापर्यंत सुमारे 14 किलोमीटरचा चिंचोळा रस्ता. दुसऱ्या बाजूनं यायचं तर काझा, लोसर आणि साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड. म्हणजे कागदावर दोन वाटा. एक चंद्रेच्या काठानं, नाल्यांमधून, दरडींच्या पायथ्यानं. दुसरी खिंडीवरून. जोराचा पाऊस झाला की पहिली तुटते. तोच पाऊस वर बर्फ होऊन पडतो आणि दुसरी बुजते. दोन्ही एकाच ढगानं बंद होतात. आणि शेवटचे चौदा किलोमीटर तर दोन्हीकडून येणाऱ्यांना जवळपास तेच.

बेत ठरवताना ही गोष्ट समोर असली की पुढचे सगळे प्रश्न आपोआप बदलतात. शनिवार-रविवार धरून जायचं, सोमवारी उतरायचं, मंगळवारी दिल्लीहून निघायचं, हे वेळापत्रक दोन हजार किलोमीटरवरून आलेल्या माणसाला परवडणारं नाही, हे तिथंच कळतं. दोन दिवस मोकळे हवेत. एक चढण्याआधी आणि एक उतरल्यावर. रजेचा अर्ज मे महिन्यात टाकला जातो, त्यामुळे ते दोन दिवस मे महिन्यातच मागावे लागतात. जुलैत वर पोचल्यावर रजा वाढवून मागायला फोनच लागत नाही.

उणे 500 तास
18 जूनच्या आसपास

सामानाची जुळवाजुळव. खोरं, टोचनाचा पट्टा, हवा भरायचा कॉम्प्रेसर, जादा स्टेपनी, ताडपत्री. मऊ मातीत आणि गोट्यांवर टायरची हवा उतरवायची आणि डांबर लागलं की परत भरायची, हे आता आपल्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. दाजीपूरच्या आणि आंबोलीच्या चिखलात ती तयार झालीत. इंधनाचा हिशेब मात्र तिकडचा वेगळा. मनाली सोडली की काझापर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरमध्ये पंप नाही. लो गिअरमध्ये गाडी किती पिते ते चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यातच थंडीत अडकून पडलं की ऊब मिळवायला इंजिन चालू ठेवावं लागतं.

इथं एक गोष्ट थोडी थांबून सांगतो, कारण गटात हा विषय हमखास निघतो. "तिथं रेंज नसेल, तर सॅटेलाइट फोन घेऊया की." भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशातून मागवलेली, उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही याच नियमात अडकतात. त्यामुळे चंद्रतालला गेलेला गट जगापासून तुटलेला असणार, हे गृहीत धरूनच बेत आखायचा. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी कोणाला कळवायचं, हे घरी लिहून ठेवायचं. लाहौल-स्पितीचं जिल्हा मुख्यालय केलाँगला आहे आणि काझाला वेगळं प्रशासन बसतं. दोन्हीकडच्या आपत्ती कक्षांचे नंबर घरातल्या फ्रिजवर चिकटवायला पाच मिनिटं लागतात.

उणे 150 तास
सोमवार, 3 जुलै

हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज आता शनिवारला टेकू लागतो.

त्या आठवड्यात काय घडत होतं ते समजून घ्यायला हवं. मोसमी वारे बंगालच्या उपसागरातून आणि अरबी समुद्रातून बाष्प घेऊन उत्तरेला पोचले होते. त्याच वेळी वायव्येकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूनं, एक पश्चिमी विक्षोभ हिमालयाच्या दिशेनं सरकत होता. हे दोन्ही वेगवेगळे आले तर एक साधा पाऊस देतो आणि दुसरा साधी थंडी. एकाच जागी भेटले की उंच डोंगरावर जुलैतही बर्फ पडतं आणि खालच्या खोऱ्यांत ढग रिते होतात. त्याच्या दहा वर्षं आधी, 16 आणि 17 जून 2013 ला केदारनाथला जे झालं त्यामागेही हीच भेट होती. तिथं वरचा चोराबारी तलाव फुटून मंदाकिनीला लोंढा आला.

आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट खरं तर कोणी शिकवायला नको. शिरोळ तालुक्यात वर्षाला पाऊस पडतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिकडे गगनबावड्याला तो पाच हजारांच्या पुढे जातो. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि तरी आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतो. इशारा 39 फुटांना, धोका 43 ला. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे शाळकरी पोरगंसुद्धा विचारतं. धरण भरलं की ते दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. पंचगंगेतून ते नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा कुरुंदवाड, नृसिंहवाडी, शिरोळकडची माणसं जनावरांसह जयसिंगपुरात आली होती. जयसिंगपूर उंचावर आहे म्हणून आपण निवारा देणारे झालो. पण पाणी कुठून येतं याचं भान तालुक्यातल्या प्रत्येकाला आहे. आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून कृष्णाकाठचा माणूस पुराचा अंदाज कधीच बांधत नाही. तो पश्चिमेला घाटाकडं बघतो.

हेच भान गाडीत बसताना मागं राहतं. मनालीला सकाळी निळं आभाळ दिसलं की "चला, निघूया" होतं. तिथं बघायचं असतं खाली, मंडी-कुल्लूला काय अंदाज आहे ते, कारण घरी परतायचा रस्ता तिथून जातो. आणि वर, कुंझुमला काय आहे तेही.

उणे 75 तास
गुरुवार, 6 जुलै, पहाटे साडेपाच

जयसिंगपूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत. मनाली दोन हजारांवर थोडं. चंद्रताल सुमारे 4,250. मनालीत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी तलावाजवळ झोपणारा माणूस एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त चढलेला असतो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं गिर्यारोहणातले डॉक्टर सांगतात. म्हणजे हा प्रवास त्या हिशेबाच्या कितीतरी बाहेरचा.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, इथवर सगळेच सहन करतात. पुढे छातीत पाणी झालं की माणूस बसल्या जागी धापा टाकतो, ओठ निळे पडतात. त्यावर खरं औषध एकच, खाली उतरणं. पाचशे-हजार मीटर जरी उतरलं तरी जीव वाचतो. आणि रस्ता बंद असला की नेमकं तेच करता येत नाही. डायमॉक्सच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, आधीपासून घ्यायच्या असतात. त्रास वाढल्यावर घेतलेली गोळी उतरण्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणूनच जाणती मंडळी शिमल्याहून किन्नौरमार्गे वर जातात. एकेक मुक्काम करत नाको, ताबो, काझा, आणि मग कुंझुम ओलांडून चंद्रताल. दिवस जास्त लागतात. पण तलावाजवळ पोचेपर्यंत अंगाला उंचीची सवय झालेली असते, आणि ढग भरून आले तर काझाला चार दिवस थांबता येतं. तिथं दवाखाना आहे, पेट्रोल पंप आहे, माणसांची वस्ती आहे.

उणे 50 तास
शुक्रवार, 7 जुलै, सकाळी साडेसहा

शनिवार-रविवार वर काढायचा असेल तर मनाली साधारण या वेळेला सोडावी लागते. छत्रू ते बातलच्या पट्ट्यात रस्त्यावरून नाले वाहतात आणि त्यात वरच्या हिमनद्यांचं पाणी असतं. सकाळी ते घोट्याएवढं. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारी तेच पाणी चाकाच्या वर जातं, तळाचे धोंडे हलतात. म्हणून तिथले ड्रायव्हर दुपारच्या आत नाले पार करतात. ज्यांनी हे ऐकलं त्यांचा दिवस सरळ जातो.

नाल्यात गाडी घालण्याआधी एकानं उतरून, गमबूट घालून, काठीनं तळ चाचपायचा. एक गाडी पलीकडे पूर्ण पोचल्याशिवाय दुसरी घालायची नाही. पाठोपाठ गाड्या घातल्या की पुढची अडकते आणि मागच्यांनाही मागं घेता येत नाही. हे कळायला फार अनुभव लागत नाही, पण गाडीत गाणी चालू असतात आणि मागचा हॉर्न देत असतो.

उणे 38 तास
शुक्रवार संध्याकाळ, साडेसहा

तलावाच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे. चंद्रताल 2005 पासून रामसर यादीतलं पाणथळ आहे. काठावर गवत, जंगली फुलं, पक्षी, आणि पाणी इतकं नितळ की समोरचा डोंगर त्यात पूर्ण उतरतो. तंबूंच्या छावण्या दोनेक किलोमीटर अलीकडे. संध्याकाळी वारा सुटतो, पाण्याचा रंग बदलत जातो. तो पाहायला माणसं जीव टाकतात आणि त्यांचं काही चुकत नाही. मी हा लेख लिहितोय तो कोणी जाऊ नये म्हणून नाही.

पण या वेळेला फोनवर एकही काडी नसते. इथून पुढचे सगळे इशारे गावांपर्यंत, हॉटेलांपर्यंत, घरच्या टीव्हीपर्यंत पोचतात. तंबूत पोचत नाहीत.

उणे 24 तास
शनिवार, 8 जुलै, सकाळी साडेआठ

हिमाचलात जोराच्या पावसाला तोंड फुटलेलं आहे. हवामान खात्यानं राज्यातल्या अनेक जिल्ह्यांना रेड अलर्ट दिला. माझ्या मते या घटनाक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच.

मनालीत असलेल्यांनी या सकाळी न निघणं आणि वर असलेल्यांनी नाश्ता टाकून लगेच काझाच्या बाजूला उतरायला लागणं, एवढे दोनच निर्णय उरलेले होते. पहिल्यासाठी माहिती होती. दुसऱ्यासाठी माहिती नव्हती, फक्त आभाळ होतं. वर असताना ढग खाली उतरून समोरचा डोंगर दिसेनासा झाला, वाऱ्याची दिशा बदलली आणि पावसात गारा मिसळू लागल्या, तर खालून कोणी काही कळवायची वाट बघायची नसते. तिथले गुराखी आणि ढाबेवाले तेवढ्यावरच निघतात.

पण गटात हा निर्णय कोण घेणार? पंधरा जणांत दोघं म्हणतात उतरूया. पाच म्हणतात, एवढ्या लांबून आलोय, एक दिवस थांबू. उरलेले बघत राहतात. पैसे सगळ्यांनी भरलेले, रजा सगळ्यांनी काढलेल्या, आणि नको म्हणणारा माणूस सगळ्यांचा विरस करणारा ठरतो. त्यामुळे कोणीच ठामपणे म्हणत नाही. संकटात निर्णय घेणारा माणूस संकट यायच्या आधी, घरी असताना, सगळ्यांच्या देखत नेमलेला असावा लागतो. त्यानं "फिरा मागं" म्हटलं की गाड्या फिरायच्या, वाद घरी येऊन. हा एक ठराव मे महिन्यात झाला असेल तर बाकी सामान दुय्यम.

आपल्या शेजारी ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि सतरा जीव गेले. ती माणसं सहलीला गेलेली नव्हती. जीव वाचवायला निघालेली होती. घाबरलेल्या गर्दीला बोटीत चढताना "आता बस, पुढच्या फेरीत या" असं म्हणणं किती अवघड असतं, ते काठावर उभं राहिलेल्यालाच कळतं. ते म्हणायचा अधिकार एका माणसाला आधीच दिलेला असावा, हे मला त्या दिवसापासून पक्कं पटलंय. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात 30 जून 2024 च्या रविवारी एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही पाणी एकदम वाढल्यामुळे. पाणी वाढायच्या आधीच्या दहा मिनिटांत कोणाचं तरी "चला बाहेर" सगळ्यांना ऐकावंच लागेल, अशी तरतूद कुठल्याच कौटुंबिक सहलीत केलेली नसते.

उणे 10 तास
शनिवार रात्री साडेदहा

आता काहीच ठरवता येत नाही. वर बर्फ, खाली पाऊस, मधल्या नाल्यांना पूर.

तंबूवर बर्फ साठू द्यायचं नाही. आळीपाळीनं उठून आतून हलकेच ढकलून पाडायचं. नाहीतर काठ्या वाकतात आणि ओलं कापड अंगावर येतं. आणि तंबू कितीही गार पडला तरी आत शेगडी किंवा कोळसे पेटवून झाकण लावायचं नाही. बंद तंबूत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. ऊब घ्यायची ती एकमेकांना चिकटून, कोरडे मोजे घालून, बाटलीत गरम पाणी भरून ती पोटाशी धरून. गाडीत बसून इंजिन चालू करायचं असेल तर आधी मागं जाऊन सायलेन्सरभोवतीचं बर्फ खोऱ्यानं बाजूला करायचं. खोरं आणलं होतं ते चिखलासाठी. पण त्याचा खरा उपयोग या रात्री.

शून्य
रविवार, 9 जुलै, सकाळी साडेआठ

या दिवसाची दृश्यं देशानं पाहिली. मंडीत पंचवक्त्र महादेवाचं दगडी मंदिर बियासच्या पाण्यानं वेढलं गेलं. औटचा जुना पूल वाहून गेला. मनाली-कुल्लू महामार्ग ठिकठिकाणी नदीत गेला आणि मनालीचा फोनसंपर्क तुटला. त्या पावसाळ्यात हिमाचलात शेकडो माणसं दगावली.

घरी बसलेल्यांचा रविवार आठवून पाहा. टीव्हीवर पूल पडताना दिसतोय, आणि आपला माणूस त्याच राज्यात आहे. फोन लावला की बंद. शेवटचा निरोप शुक्रवारी सकाळचा, "आता रेंज जाईल". तंबूतल्या माणसाला आपण सुखरूप आहोत हे माहीत असतं. घरच्यांना तेवढंही माहीत नसतं.

अधिक 52 तास
मंगळवार, 11 जुलै, दुपारच्या सुमारास

ढग थोडे फाटले तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर उतरू शकलं आणि सात जणांना भुंतरला आणलं गेलं. तब्येत बिघडलेले, वयस्कर, असे ते होते. बाकीचे वर. खायला होतं, छावण्या चालवणारे सांभाळत होते, सॅटेलाइट फोनवरून प्रशासनाला खबर मिळत होती. पण सहा दिवसांच्या आतबाहेर जे धान्य, गॅस आणि औषध लागतं ते दोन रात्रींच्या हिशेबानं आलेल्या गाडीत नसतं. रक्तदाबाची, साखरेची गोळी मोजून चार आणणाऱ्याची पाचव्या दिवशी काय अवस्था होते, याचा विचार सामान भरतानाच करावा. औषधं दुप्पट दिवसांची. पिठाची पिशवी एक जास्त.

अधिक 89 तास
गुरुवार, 13 जुलै, पहाटे दोनच्या सुमारास

बुधवारी हिमाचलचे महसूल मंत्री जगतसिंह नेगी आणि मुख्य संसदीय सचिव संजय अवस्थी लोसरला पोचले. कुंझुमवर तीन-चार फूट बर्फ होतं. सीमा सडक संघटनेची आणि प्रशासनाची यंत्रं, पोलिस, आणि लोसरच्या गावकऱ्यांनी मिळून ते कापत रस्ता काढला. रात्रभर काम चाललं आणि पहाटे ही मंडळी तंबूंपर्यंत पोचली. लोसर हे जेमतेम काही डझन घरांचं गाव. तिथली पोरं आपल्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसांसाठी अंधारात, साडेचार हजार मीटरवर, बर्फात राबली. चंद्रतालच्या या प्रसंगाबद्दल बोलताना त्यांचा उल्लेख आधी व्हायला हवा.

गुरुवारी दिवसभरात सगळ्यांना उतरवून काझाकडे नेण्यात आलं. छत्रू-ग्रामफूची बाजू तुटलेलीच होती. म्हणजे मनालीहून आलेल्यांना आता स्पिती आणि किन्नौरची लांबलचक वाट होती, तीही दरडींमधून. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून ज्यांनी परतीची तिकिटं काढली होती, त्यांची गाडी केव्हाच सुटून गेलेली होती.

यंदा निघणाऱ्यांनी मिरजेहून गोवा एक्स्प्रेस धरायची असो वा गाड्या चालवत न्यायच्या असोत, परतीचं तिकीट चार दिवस पुढचं काढावं आणि तारीख शक्य तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यावर न्यावी. तेव्हा मोसमी पाऊस उत्तरेकडून मागं सरू लागलेला असतो, नाले उतरलेले असतात, आणि चंद्रतालच्या छावण्या साधारण तोवर उठलेल्या नसतात. थंडी जास्त असेल. उसाची तोड सुरू व्हायला अजून महिना असतो.